एकसष्ट दिवस गळ कुठे टाकायचा?

२० मे ही तारीख घ्या. तेव्हा आपण सगळे सुट्टीवर पांगलेलो असतो. समजा, त्या दिवशी आपल्यातल्या तिघांनी मासे पकडायला जायचं ठरवलं. एक चेन्नईत, एक अलिबागला आणि एक हिमाचलमध्ये कुलूला. चेन्नईतल्या मुलाला बंदरात यांत्रिक बोटी एकमेकींना बांधून उभ्या दिसतील, कारण तिथली मासेमारी बंदी सुरू होऊन महिना उलटलेला असेल. अलिबागच्या मुलाला बोटी समुद्रात गेलेल्या दिसतील, कारण तिथली बंदी अजून बारा दिवस लांब आहे. आणि कुलूतल्या मुलाला ट्राउट पकडायला परवानगी असेल, पण नदी बर्फाच्या पाण्याने इतकी गढूळ झालेली असेल की माशाला आमिष दिसायचंच नाही.

तारीख एक, देश एक, आणि तीन ठिकाणी तीन वेगळे हिशेब. आमच्या हाऊसमध्ये निदान चौघांकडे दांडी आणि रीळ आहे, आणि सुट्टी लागली की ती ट्रंकेतून बाहेर येते. म्हणून हे हिशेब नीट मांडावेत असं वाटलं. माझे आई-वडील सध्या शोळिंगनल्लूरला राहतात, त्यामुळे सुरुवात तिथून करतो.

शोळिंगनल्लूर म्हटलं की लोकांना आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आठवतात. तो जुन्या महाबलीपुरम रस्त्याचा, म्हणजे ओएमआरचा भाग. पण चौकातून पूर्वेकडे वळलं की थोड्याच वेळात बकिंगहॅम कालव्यावरचा पूल लागतो आणि पुढे अक्करैजवळ हा रस्ता ईसीआरला, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्याला मिळतो. त्याच्या पलीकडे समुद्र. किनाऱ्याला लागून पनैयूर, इंजंबाक्कम, कानत्तूर, कोवळम अशी गावं आहेत आणि प्रत्येकात मच्छीमारांचं ‘कुप्पम’ आहे. कुप्पम म्हणजे आपल्याकडचा कोळीवाडाच. काचेच्या इमारतीपासून कुप्पमपर्यंत सायकलने पोचता येतं, पण इमारतीतल्या बऱ्याच जणांना ते तिथे आहे हेच माहीत नसतं.

इथे १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. तमिळमध्ये याला ‘मीन्पिडि तडैक्कालम’ म्हणतात. पूर्वी ही बंदी ४५ दिवसांची होती, नंतर वाढवून ६१ दिवसांची केली. पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक वगैरे भागात, ६१ दिवसच पण १ जून ते ३१ जुलै. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यात राज्याचा कायदा चालतो. तमिळनाडूचा कायदा १९८३ चा आणि महाराष्ट्राचा १९८१ चा आहे. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्र सरकारचा हुकूम चालतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे राज्याची हद्द साधारण २२ किलोमीटरवर संपते. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना बंदीच्या तारखा एकच ठेवल्या आहेत, नाहीतर बोटी २३ व्या किलोमीटरवर जाऊन जाळं टाकतील आणि तटरक्षक दलाला काही बोलता येणार नाही.

बंदीचं कारण सगळ्यांना ठाऊक असतं: मासे अंडी घालतात, पिल्लं मोठी होतात, तेवढा वेळ त्यांना द्यायचा. त्यात ट्रॉलरचा प्रश्न सगळ्यात मोठा. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. त्यात कोळंबी येते, मोठे मासे येतात आणि त्यांच्याबरोबर बोटाएवढी पिल्लंही येतात. ती कोणी खात नाही, वाळवून कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी विकली जातात. पुढच्या वर्षीची सुरमई या वर्षी कोंबडीखाद्यात जाते, असा हा व्यवहार.

पण मला खरा प्रश्न पडला तो तारखांचा. माझं आजोळ अलिबागकडे आहे. तिथे लहानपणापासून बघत आलोय की जून उजाडला की समुद्र खवळतो, बोटी आधीच ओढून वर घेतलेल्या असतात, त्यांच्यावर झावळ्या किंवा ताडपत्री टाकलेली असते. सरकारने बंदी केली नसती तरी त्या दिवसांत लहान बोट बाहेर नेण्याची हिंमत फार थोड्यांनी केली असती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मग होडी पाण्यात घालायची, ही पद्धत कायद्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. कायद्याने तिला फक्त तारखा दिल्या. आजही कोकणातले बरेच मच्छीमार म्हणतात की ३१ जुलै फार लवकर होते, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायला हवं.

चेन्नईत मात्र एप्रिल-मेमध्ये समुद्र शांत असतो. मे महिन्यात बंगालच्या उपसागरात एखादं चक्रीवादळ येतं ते सोडलं, तर बोट नेण्यासारखेच हे दिवस. इथला खवळलेला समुद्र ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, ईशान्य मोसमी पावसाचा. म्हणजे कोकणात समुद्र स्वतः दार बंद करतो आणि कायदा त्यावर कडी घालतो, तर इथे दार सताड उघडं असताना माणसांनी बाहेर उभं राहायचं असतं. दुसरं जास्त अवघड आहे. पनैयूरच्या वाळूवर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका अण्णांना मी माझ्या तोडक्यामोडक्या तमिळमध्ये हे विचारलं, तर ते हसले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की उपाशी माणसाला भरलेलं ताट दाखवून थांब म्हणण्यासारखं हे आहे.

अण्णांची स्वतःची बोट छोटी, फायबरची. तिला बंदी नाही. बंदी आहे ती यांत्रिक बोटी आणि ट्रॉलर यांना, आणि त्या बहुतेक उत्तर चेन्नईतल्या कासिमेडू बंदरात असतात. फायबरच्या बोटी आणि कट्टुमरम यांना किनाऱ्याजवळ मासेमारी करता येते. (कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ हा शब्द इथूनच गेला.) पण अण्णांचा भाऊ कासिमेडूला ट्रॉलरवर खलाशी आहे, आणि त्याचं काम ६१ दिवस बंद. बोटीच्या मालकाला या काळात इंजिन उघडायचं, रंग द्यायचा, जाळी बदलायची, असा खर्चच असतो. खलाशाला तर हातात काहीच नाही. राज्य सरकार मच्छीमार कुटुंबाला बंदीच्या काळासाठी ८,००० रुपये मदत देतं. ६१ ने भागा, दिवसाला १३१ रुपये होतात. चार माणसांच्या घराला हे पुरत नाही हे सांगायला गणिताच्या सरांची गरज नाही. बंदी पाळली जाते ती पुढच्या वर्षीच्या माशांसाठी, आणि तिची किंमत भरतो तो खलाशी. मासे खाणारे आपण फक्त महाग झाले म्हणून कुरकुर करतो. मे महिन्यात चेन्नईच्या बाजारात वंजरम, म्हणजे आपली सुरमई, किलोला हजाराच्या वर जाते.

आता तारखा बरोबर आहेत का? यावर वाद आहे, आणि तो खरा वाद आहे. थंड प्रदेशातल्या माशांसारखा आपल्याकडच्या माशांचा विणीचा एकच ठरलेला महिना नसतो. उष्ण समुद्रात बरीच जातवान मासळी वर्षात अनेक महिने अंडी घालत असते, कोणाचा जोर एप्रिलमध्ये, कोणाचा ऑगस्टमध्ये, कोणाचा हिवाळ्यात. त्यामुळे कुठलेही दोन महिने निवडले तरी काहींना फायदा आणि काहींना नाही. पूर्व किनाऱ्यावरचे काही मच्छीमार विचारतात की समुद्र खराब असतो त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच बंदी का ठेवत नाही? निदान आमचं नुकसान तरी कमी होईल. मला हा प्रश्न रास्त वाटतो. पण दुसरी बाजू अशी की ज्या दिवसांत बोटी तशाही कमी जातात, त्या दिवसांत बंदी घालून समुद्राला जास्तीचं काय मिळणार? तळ खरवडणारी जाळी सलग दोन महिने पूर्ण थांबतात, त्याचा फायदा अंडी घालणाऱ्या माशांबरोबर तळावरच्या सगळ्याच जिवांना होतो.

हे झालं पोटासाठीच्या मासेमारीचं. आपल्यासारख्या हौशी लोकांचं काय?

किनाऱ्यावर उभं राहून दांडीने किंवा हातगरीने मासा पकडायला या ६१ दिवसांत बंदी नाही. बंदी बोटीवर आहे, गळावर नाही. मात्र कोणी ‘समुद्रात नेऊन मासे धरू देतो’ म्हणून यांत्रिक बोट भाड्याने देत असेल, तर त्या बोटीला बंदी लागू आहे आणि तुम्ही हौसेने गेलात म्हणून ती माफ होत नाही. फायबर बोटीवर जायचं तर ओळखपत्र जवळ हवं आणि लाइफ जॅकेट अंगावर. सागरी पोलीस आणि तटरक्षक दल या काळात जास्त तपासणी करतात. सैनिकी शाळेचा कॅडेट कागदपत्रांशिवाय बोटीवर सापडला तर घरी काय होईल याची कल्पना प्रत्येकाने आपापली करावी.

शोळिंगनल्लूरच्या आसपास पाणी तीन प्रकारचं आहे. पश्चिमेला पेरुंबाक्कम आणि पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन आहे. पळ्ळिकरणैला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि ती जागा वनखात्याकडे आहे. तिथे गळ टाकायचा नाही, दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जा. दुसरा बकिंगहॅम कालवा. एकोणिसाव्या शतकात मालवाहू होड्यांसाठी बांधलेला हा कालवा आज शहराचं सांडपाणी वाहून नेतो. त्यात तिलापिया भरपूर आहेत, मुलं पकडतातही, पण तो मासा खाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरं आणि खरं ठिकाण म्हणजे ईसीआरवर दक्षिणेला असलेली मुट्टुकाडूची खाडी. बहुतेक लोक तिथे बोटिंगसाठी जातात. समुद्राचं आणि गोडं पाणी तिथे मिसळतं, म्हणून तिथे बोय (तमिळमध्ये मडवै), तांबोशी आणि कोडुवा मिळतात.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला या खाडीचं पाणी कसं असतं हे समजून घेतलं तर निम्मं काम झालं. कोकणातला माणूस आधी भरती-ओहोटी विचारतो. मुंबईकडे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे सगळं गणित त्यावरच. चेन्नईला हा फरक जेमतेम एक मीटरचा. इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: खाडीचं तोंड उघडं आहे का? पावसाळा संपून काही महिने झाले की खाडीतून समुद्राकडे जाणारं पाणी कमी होतं, लाटा वाळू आणून टाकतात आणि तोंडाशी वाळूचा बांध तयार होतो. तोंड बुजलं की पाण्याची ये-जा थांबते. आत पाणी तापतं, बाष्पीभवनाने खारटपणा वाढतो. तोंड उघडं असेल तर भरतीबरोबर समुद्रातले मासे आत येतात आणि चाऱ्यामागे फिरतात. त्यामुळे दांडी काढायच्या आधी तोंडाशी जाऊन एकदा बघून या.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशाला साडेसातच. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. मे महिन्यात चेन्नईत ‘अग्नी नक्षत्रम’ म्हणजे कत्तिरी ऊन पडतं, महिन्याच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत. त्या दिवसांत उथळ पाणी दुपारी हाताला कोमट लागतं. असा मासा गळाला लागला आणि आपण हौसेने त्याला दहा मिनिटं खेळवलं, तर तो धापा टाकून दमतो आणि सोडून दिला तरी पुष्कळदा मरतो. ‘आम्ही पकडून सोडून देतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सोडायचाच असेल तर तंगूस जाड वापरायची म्हणजे मासा पटकन बाहेर येतो, गळाचा काटा (उलटी धार) पक्कडीने दाबून टाकायचा, हात ओले करून मासा धरायचा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे रोग लागतो. फोटो काढायचा तर मासा पाण्यात ठेवूनच.

वेळ पहाटेची. साधारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, चेन्नईकर त्याची वाट बघत असतात. घरात तो सुखाचा, पण किनाऱ्यावर दांडी धरणाऱ्याच्या तोंडावर तंगूस परत आणून टाकतो. आणि एक इशारा. इथला किनारा उतरता आहे आणि पाण्याला आत ओढणारे प्रवाह जोरदार. दरवर्षी लोक बुडतात. गळ दगडात अडकला तर तो सोडवायला पाण्यात उतरू नका, तंगूस कापा. मात्र कापलेली तंगूस गोळा करून घरी आणा, कारण ती नायलॉनची असते, कुजत नाही आणि कासवांच्या, पक्ष्यांच्या पायात अडकते.

कोडुवाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा मासा आपलाच आहे. रायगडमध्ये याला जिताडा म्हणतात. आमच्या आजीच्या मते जगात दोनच प्रकारचे मासे आहेत, एक जिताडा आणि दुसरे बाकीचे सगळे. खाडीकाठच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची पद्धत तिथे जुनी आहे. मुट्टुकाडूला केंद्र सरकारच्या निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेचं प्रयोग केंद्र आहे. चेन्नईतल्या या संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त जागेत प्रजनन करून दाखवलं, त्यामुळे आज तळ्यात सोडायला बीज मिळतं.

या माशाची गंमत अशी की बहुतेक जिताडे जन्माला नर म्हणून येतात आणि काही वर्षांनी वाढल्यावर मादी होतात. साधारण चार किलोच्या पुढचे बहुतेक मासे मादीच. आता विचार करा: हौशी माणसाला हवा असतो तो सगळ्यात मोठा मासा. म्हणजे आपण वेचून वेचून माद्याच काढणार, आणि एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. ऑस्ट्रेलियात याच माशाला बॅरामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात नियम आहे की ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा, दोन्ही मासे परत सोडायचे. पूर्व किनाऱ्यावर विणीच्या काळात, नोव्हेंबर ते जानेवारी, तो पकडायलाच बंदी. लहानांना वाचवा हे सगळे म्हणतात, पण मोठ्यांनाही वाचवा हे या नियमातून मला पहिल्यांदा कळलं. आपल्या खाडीत असा नियम आपला आपण पाळायला कोणाची ना नाही. महाराष्ट्रात किमान आकाराचे नियम आलेले आहेत. २०२३ मध्ये पापलेट हा राज्यमासा जाहीर झाला आणि तो १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचा नाही असं ठरलं. आईबरोबर मासळीबाजारात जाल तेव्हा खिशात सहा इंची पट्टी ठेवा. कोळीणमावशी रागावतील, पण बऱ्याच टोपल्यांमध्ये तिचा उपयोग होईल.

आता कोकणातल्यांसाठी. समुद्र बंद झाला की आपल्याकडे लगेच दुसरी मासेमारी सुरू होते आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. पहिला मोठा पाऊस पडला की नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, ओहोळातून, भाताच्या खाचरापर्यंत. हेच वलगणीचे किंवा चढणीचे मासे. रात्री बत्ती घेऊन, पाग, टोपली, कोयती, जे हाताला येईल ते घेऊन सगळा गाव उतरतो. मीही गेलोय आणि त्यात फार मजा येते हे खोटं कशाला सांगू. पण त्या रात्री टोपलीत आलेला प्रत्येक मासा अंड्यांनी भरलेला असतो. समुद्रात अंड्यांसाठी ट्रॉलर थांबवायचे आणि ओहोळात अंड्यांसकट मासे टोपलीत भरायचे, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात एकाच गावात घडतात. एका घराने कालवणापुरते धरले तर नदी संपत नाही. ओहोळाला आडवं जाळं लावून सगळी चढण अडवली, तर संपते. आणि सुरुंग किंवा विष घालून मासे मारणं हा गुन्हा आहे, आजचा नाही तर १८९७ च्या भारतीय मत्स्यपालन कायद्यापासून.

नद्यांमधला आपला राजा म्हणजे खडशी, इंग्रजीत महसीर. कॅडेटना आवडेल अशी गोष्ट म्हणजे या माशाचं शास्त्रीय वर्णन एका फौजी अधिकाऱ्याने केलं. बॉम्बे आर्मीतल्या लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांमधले मासे अभ्यासले आणि १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाला ‘खुद्री’ असं नाव दिलं. इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यांनी लॅटिनमध्ये बसवली. कोळशी माशाचं ‘कोलस’ हेही त्यांचंच. आज मुळा-मुठेत खडशी शोधणाऱ्याला शुभेच्छा. ती टिकली ती दोन प्रकारच्या ठिकाणी. एक, लोणावळ्याला वळवण धरणावर टाटांच्या केंद्रात, जिथे १९७० च्या दशकापासून तिची पिल्लं तयार करून निरनिराळ्या नद्या-तलावांत सोडली जातात. आणि दुसरं, देवाच्या डोहात. महाड तालुक्यात वाळणकोंड इथे देवीच्या डोहात या माशांना कोणी धरत नाही, लोक लाह्या-चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. तिथे ना गस्त आहे ना दंडाची पावती, आणि तरी बारा महिने बंदी पाळली जाते.

खडशी पावसाळ्याच्या पुरात अंडी घालते, म्हणून तिच्यासाठी उन्हाळ्याची सुरुवात हा अंडी पोटात भरण्याचा काळ. डोहात पाणी कमी आणि मासे दाटीने. तेव्हा पकडायला सोपी, आणि म्हणूनच तेव्हा सोडून द्यायची.

हिमाचल-काश्मीरकडे जाणाऱ्यांसाठी गणित उलटं. ट्राउट हा तिथला मूळचा मासा नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास बोटीने अंडी आणून आधी काश्मीरमध्ये आणि मग कुलूमध्ये वाढवला. हा थंड पाण्याचा मासा हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून हिमाचलमध्ये त्याच्यावरची बंदी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असते. १ मार्चला तीर्थन, बियास, बस्पा अशा नद्यांवर हंगाम उघडतो. मत्स्य विभागाचा परवाना काढायचा, फक्त दांडी वापरायची, जाळं नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी कमी, काचेसारखं स्वच्छ. मेच्या मध्यापासून वरचा बर्फ जोरात वितळायला लागतो, पाणी चढतं आणि गढूळ होतं. तेव्हा मोठी नदी सोडून लहान उपनद्यांवर जायचं, आणि पहाटे, कारण रात्रीच्या थंडीत बर्फ कमी वितळतो आणि सकाळी पाणी थोडं उतरलेलं व निवळलेलं असतं. दुपारनंतर तीच नदी चढते. सकाळी ज्या दगडावर चालत गेलात तो संध्याकाळी पाण्याखाली असू शकतो, हे ट्रेकला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. तिथल्या बाकीच्या माशांसाठी, विशेषतः मोठ्या जलाशयांत, पावसाळ्यात दोन महिन्यांची वेगळी बंदी असते, कारण ते आपल्या खडशीसारखे पावसात विणारे.

शेवटी बाजाराबद्दल एक गोष्ट, पालकांसाठी. पूर्व किनारा बंद असताना एप्रिल-मेमध्ये चेन्नईत केरळ आणि मंगळूरकडचे मासे येतात. पण १ जूनला पश्चिम किनारा बंद होतो आणि पूर्व किनारा १४ जूनपर्यंत उघडत नाही. म्हणजे वर्षातून चौदा दिवस असे येतात, जेव्हा देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर बहुतेक ट्रॉलर बांधलेले असतात. त्या दिवसांत कोणी ‘ताजी’ मोठी सुरमई स्वस्तात देऊ लागला तर बर्फात किती दिवस होती ते आधी विचारा. १४ जूनच्या मध्यरात्री कासिमेडूहून बोटी निघतात. मोठ्या बोटी काही दिवस समुद्रात राहतात, त्यामुळे भाव लगेच उतरत नाहीत, पहिला मोठा माल यायला थोडे दिवस जातात. तोवर आमची शाळा सुरू झालेली असते आणि मी मेसमध्ये वरण-भात खात असतो, त्यामुळे त्या माशांची चव कशी असते हे आई फोनवर सांगते तेवढंच मला माहीत आहे.